डेबियनवर कायमचा पत्ता दिला आणि इंटरनेट गेलं: आधी काय तपासायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयाला चार जुने संगणक देणगीत मिळाले. तुम्ही चारहींवर डेबियन १२ (विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवरची मोफत प्रणाली) टाकलंत, केबल जोडली आणि पहिल्या दिवशी काहीही न करता इंटरनेट चाललं. एका मशीनला प्रिंटर आहे. तो बाकीच्या तिघांना सापडावा म्हणून तुम्ही एक मार्गदर्शन वाचून दोन मशीनला फाईलमध्ये लिहून कायमचे आयपी पत्ते (जाळ्यात मशीन ओळखण्याचे आकडे) दिलेत, आणि उरलेल्या दोघांना भाच्यानं सेटिंग्जमधून दिले. आता फाईलवाल्या दोन मशीनवर ८.८.८.८ ला (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारली, की उत्तर येतं, पण फायरफॉक्समध्ये एकही पान उघडत नाही आणि कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्हही गायब आहे. तिसरं मशीन कधी चालतं, कधी नाही. चौथं, प्रिंटरचं, एरवी बरं चालतं, पण तुमच्याच शब्दांत ‘करंट जाऊन आला की’ शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ सुरक्षित नाही असं सांगून उघडायचं नाकारतं. उबंटू (डेबियनवरूनच बनलेली दुसरी प्रणाली) टाकू का, की विंडोजच परत आणू, असं तुम्ही शेवटी विचारलंय.

दोन्ही नको. डेबियन ठीक आहे. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या अडचणी एकदम आल्यात आणि तिन्हींचं लक्षण ‘नेट नाही’ हेच आहे, म्हणून ते एकच मोठं दुखणं वाटतंय. विंडोज आणलंत तरी यातल्या दोन अडचणी जशाच्या तशा राहतील.

बेळगावात आणि आसपासच्या तालुक्यांत शाळांच्या, सोसायट्यांच्या संगणकखोल्या उभ्या करायचं काम मी करतो. तुमच्यासारख्या प्रश्नात मी आधी हे विचारतो की मुळात हवं काय होतं. तुम्हाला हवा होता प्रिंटर. चार कायमचे पत्ते तुम्हाला कधीच नको होते. फार तर एका मशीनला हवा होता, आणि मी पुढे सांगतो त्याप्रमाणे तोही लागेलच असं नाही. बाकी तिन्ही मशीनना पत्ता राउटरनंच द्यावा, ते काम तो चांगलं करतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमच्या राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे आहे की इंटरनेट बसवणाऱ्याकडे, यावर एक उपाय अवलंबून आहे. राउटर कोणते पत्ते वाटतो, हेही मशीनवरून सांगता येत नाही. म्हणून जिथे दोन वाटा आहेत तिथे दोन्ही देतो.

एक सूचना. आज्ञा टर्मिनल नावाच्या प्रोग्रामच्या खिडकीत टाईप करायच्या असतात. मी त्या देवनागरीत लिहितोय, टाईप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करा. ‘आयपी ए’ म्हणजे आय, पी, मोकळी जागा, ए. डेबियन बसवताना रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड दिला असेल तर ‘सुडो’ (त्या अधिकारानं आज्ञा चालवणारा शब्द) तुम्हाला ओळखत नाही असा संदेश येईल. घाबरायचं कारण नाही. ‘एसयू’, मोकळी जागा, मधली आडवी रेघ असं टाईप करून रूटचा पासवर्ड द्या आणि मग काम करा.

आता तपासणीचा क्रम. मी नेहमी खालून वर जातो: तार, पत्ता, राउटर, बाहेरचं जग, नाव. मधली पायरी गाळत नाही, कारण खालची पायरी तुटलेली असेल तर वरच्या पायरीवर घातलेला वेळ सगळा वाया जातो.

तारेसाठी संगणकाच्या मागे, केबल जिथे खुपसतो तिथला दिवा बघा. दिवा नसेल तर पुढचं काही करू नका, केबल बदलून बघा. ‘आयपी लिंक’ या आज्ञेत ‘नो कॅरियर’ असं दिसलं तरी अर्थ तोच, तार जोडलेली नाही किंवा तुटली आहे. तिथे तुमच्या कार्डाचं नावही दिसेल. जुन्या मार्गदर्शनांत ते ‘ईटीएच०’ असतं, तुमच्याकडे ते ‘ईएनपी३एस०’ अशा धाटणीचं असेल. डेबियनमध्ये २०१७ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून कार्डाचं नाव ते मदरबोर्डवर कुठे बसलंय यावरून ठरतं. ‘ईएन’ म्हणजे तारेचं कार्ड, ‘डब्ल्यूएल’ म्हणजे वायफायचं. म्हणून एखाद्या मार्गदर्शनात ‘ईटीएच०’ दिसलं की ते कोणत्या सालचं आहे ते आधी बघत जा. ‘आयएफकॉन्फिग’ वापरा असं लिहिलं असेल तरी तेच. त्याच आवृत्तीपासून ती आज्ञा डेबियनबरोबर आपोआप येत नाही, तिचं काम ‘आयपी’ करते.

पत्त्यासाठी ‘आयपी ए’. कार्डाच्या नावाखाली ‘आयनेट’ शब्दापुढे १९२.१६८.१.२० /२४ असं काहीतरी दिसायला हवं. शेवटचा २४ म्हणजे पहिले तीन आकडे सगळ्या मशीनचे सारखे असणार आणि चौथा वेगळा. अशा जाळ्यात १ ते २५४ इतके पत्ते वापरता येतात.

राउटरसाठी ‘आयपी आर’. ‘डिफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यापुढचा पत्ता तुमच्या राउटरचा. ही ओळच नसेल तर मशीनला गावाबाहेरची वाट माहीत नाही, ते फक्त शेजारच्या मशीनशी बोलू शकतं. ओळ असेल तर त्या पत्त्याला पिंग करा. लिनक्सवरचं पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचं. मग ८.८.८.८ ला, आणि शेवटी एखाद्या नावाला, समजा डेबियन डॉट ओआरजीला.

तुमच्या पहिल्या दोन मशीनवर शेवटची पायरी सोडून सगळं चालतंय. आकड्याला उत्तर येतं, नावाला येत नाही. म्हणजे तार, पत्ता, राउटर आणि बाहेरची लाईन सगळं बरोबर आहे, बिघाड फक्त डीएनएसमध्ये आहे. नावावरून आकडा शोधून देणारा सर्व्हर कुठला, हेच मशीनला कुणी सांगितलेलं नाही. ८.८.८.८ ला उत्तर आलं हे तुम्ही प्रश्नात लिहिलंत म्हणून मला हे इथे बसून कळलं. पिंग न करता नुसतं ‘नेट चालत नाही’ लिहिलं असतंत तर मी चार गोष्टी अंदाजानं सांगितल्या असत्या.

हे झालं कसं, ते नीट समजून घ्या, कारण जुनी मार्गदर्शनं पाळणाऱ्या बहुतेकांचं इथेच बिनसतं. डेबियनवर नेटवर्क चालवणारे दोन वेगळे प्रोग्राम असू शकतात. डेस्कटॉप घेतलात तर नेटवर्कमॅनेजर असतो, कोपऱ्यातलं चिन्ह त्याचं. सर्व्हरसाठी नुसतं डेबियन बसवलं तर ‘ईटीसी’ या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या ‘नेटवर्क’ फोल्डरात ‘इंटरफेसेस’ नावाची फाईल असते आणि तिच्यावरून कारभार चालतो. तुम्ही त्या फाईलमध्ये कार्डाचं नाव लिहिलंत. नेटवर्कमॅनेजरला डेबियनमध्ये असं सांगून ठेवलेलं असतं की त्या फाईलमध्ये नाव आलेल्या कार्डाला हात लावायचा नाही. एका घरात दोन कारभारी नकोत म्हणून केलेली ती सोय आहे. त्यामुळे तो बाजूला झाला आणि चिन्ह गेलं. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणेच झालं.

पण त्या मार्गदर्शनात डीएनएससाठी ‘डीएनएस नेमसर्व्हर्स’ अशी एक ओळही लिहायला सांगितली असणार. ती ओळ वाचण्यासाठी ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ नावाचं वेगळं पॅकेज लागतं आणि ते डेबियनबरोबर आपोआप येत नाही. ते नसलं की ओळ गुपचूप सोडून दिली जाते. कुठेही चूक दाखवली जात नाही, पत्ता लागतो, पिंग चालतं आणि नावं सापडत नाहीत. खात्री करायची तर ‘ईटीसी’तली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाईल ‘कॅट’ आज्ञेनं वाचून बघा. तिच्यात ‘नेमसर्व्हर’ने सुरू होणारी ओळ नसेल.

या टप्प्यावर पुष्कळ जण सांगतील की त्याच फाईलमध्ये हातानं ‘नेमसर्व्हर ८.८.८.८’ लिहा, झालं. लिहून बघायला हरकत नाही, लगेच पानं उघडतील आणि निदान पक्कं होईल. पण तो उपाय म्हणून ठेवू नका. नेटवर्कमॅनेजर ती फाईल आपली समजतो आणि पुढे कधी त्यानं ती नव्यानं लिहिली की तुमची ओळ जाईल. मग पुन्हा सगळे म्हणणार, काल तर चालत होतं.

खरा उपाय म्हणजे कारभार परत नेटवर्कमॅनेजरकडे देणं. ‘इंटरफेसेस’ फाईलची एक प्रत बाजूला ठेवा. मग मूळ फाईलमध्ये ‘एलओ’ म्हणजे लूपबॅकच्या (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीच्या) दोन ओळी आणि ‘सोर्स’ने सुरू होणारी ओळ तेवढी राहू द्या, तुमच्या कार्डाचं नाव असलेला सगळा भाग काढा. मशीन बंद करून सुरू करा. चिन्ह परत येईल आणि पहिल्या दिवसासारखा राउटरकडून पत्ता मिळेल, सोबत डीएनएसही. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही आज्ञा दिलीत तर कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’च्या जागी ‘कनेक्टेड’ दिसेल. चिन्ह आलं पण जोडलं गेलं नाही तर ‘एनएमटीयूआय’ चालवा. काळ्या पडद्यावर साधे रकाने येतात, बाणांनी हलायचं, ‘ॲड’मधून इथरनेट निवडायचं आणि पत्ता ‘ऑटोमॅटिक’वर ठेवायचा. नव्या माणसाला मी आज्ञांपेक्षा हेच दाखवतो.

उबंटूबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, तिथे हेच मार्गदर्शन आणखी फसलं असतं. उबंटूनं ऑक्टोबर २०१७ मधल्या १७.१० आवृत्तीपासून नेटप्लॅन ही नेटवर्कच्या मांडणीची वेगळी पद्धत आणली. ‘इंटरफेसेस’ फाईल तिथे सहसा वाचलीच जात नाही, तुम्ही कितीही नीट लिहा.

तिसरं मशीन कधी चालतं, कधी नाही, यात मला पत्त्यांची टक्कर दिसते. राउटर आपल्याकडच्या एका ठरावीक पट्ट्यातून पत्ते वाटत असतो. समजा तो २ पासून २५४ पर्यंत वाटतो आणि तुम्ही तिसऱ्या मशीनला हातानं १९२.१६८.१.५ दिला. राउटरला हे कुणी सांगितलेलं नाही. मशीन बंद असताना एखादा मुलगा वाचनालयात येऊन मोबाईल वायफायला जोडतो आणि राउटर त्याला तोच ५ नंबर देतो. मग मशीन सुरू झालं की एका पत्त्यावर दोघं. उत्तरं कधी याला जातात, कधी त्याला. मुलगा घरी गेला की मशीन सुरळीत. अभ्यासाला गर्दी असते त्या वेळी जास्त बंद पडतं का, हे आठवून बघा. दुसरी शक्यता साधी आहे, दोन मशीनला चुकून एकच आकडा दिला गेला असेल. तो आधी पडताळा.

टक्कर पकडायची सोपी रीत आहे. तिसरं मशीन बिघडलेलं असताना त्याची केबल काढा आणि दुसऱ्या मशीनवरून त्याच्या पत्त्याला पिंग करा. केबल काढलेली असूनही उत्तर आलं तर तो पत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. लगेच ‘आयपी नेबर’ आज्ञा द्या, म्हणजे त्या पत्त्यापुढे उपकरणाचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळख, दिसेल. त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर बहुतेक मोबाईलच, कारण अँड्रॉइड १० पासून फोन वायफायवर खरा मॅक न देता बनवलेला देतात. उत्तर नाही आलं तर मात्र टक्कर नाही असं लगेच धरू नका, काही उपकरणं पिंगला उत्तर देत नाहीत.

वीज जाऊन आल्यावर गोंधळ का वाढतो तेही यातच आहे. बऱ्याच स्वस्त राउटरांना कुणाला कोणता पत्ता दिला होता हे वीज गेल्यावर आठवत नाही. फोन आणि लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतात, संगणक बंद पडतात, राउटर उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाटायला लागतो. हातानं दिलेला पत्ता त्या पट्ट्यात असेल तर टक्कर व्हायचीच.

उपाय तोच, तिसऱ्या मशीनलाही पत्ता राउटरकडून घेऊ द्या. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तिथे तारेच्या जोडणीसमोरचं चाक, मग आयपीव्ही४ आणि ऑटोमॅटिक. पत्ता, नेटमास्क, गेटवे असे हातानं भरलेले रकाने पुसून टाका. आयपीव्ही६ ला हात लावू नका. ते बंद करा असा सल्ला ठिकठिकाणी दिसतो, तुमच्या कुठल्याच अडचणीचा त्याच्याशी संबंध नाही.

चौथ्या मशीनचं दुखणं नेटवर्कचं नाहीच असं मला वाटतं. वीज जाऊन आली की त्या मशीनची तारीख बघा. जुन्या संगणकांत मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे जातं. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरतीच वैध असतात. तुमचं मशीन स्वतःला मागच्या कुठल्या तरी सालात समजत असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि फायरफॉक्स दार उघडत नाही. ‘तरी पुढे जा’ असं बटण दिसतं, ते शिष्यवृत्तीच्या किंवा बँकेच्या पानावर कधीही दाबू नका, आणि मुलांनाही दाबू देऊ नका. सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. वायर काढून, झाकण उघडून, जुनी जशी बसलीय तशीच नवी बसवा. मग सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचं चालू ठेवा. चारही मशीन जुन्या आहेत, तर चारहींची बॅटरी एकदम बदलून टाका.

आता प्रिंटर, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं. डेबियनच्या डेस्कटॉपवर सहसा कप्स आणि अवाही हे दोन प्रोग्राम आलेले असतात. कप्स छपाई सांभाळतं. अवाही एकाच जाळ्यातल्या मशीनना एकमेकांची नावं कळवतं, त्यासाठी कायमचा पत्ता लागत नाही. प्रिंटरच्या मशीनवर फायरफॉक्स उघडून लोकलहोस्ट, विसर्गासारखी दोन टिंबं आणि ६३१ असं टाका. कप्सचं पान येईल. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये या मशीनचे प्रिंटर इतरांना वापरू द्यायची खूण करा. थोड्या वेळानं बाकीच्या मशीनवर छपाईच्या यादीत तो दिसायला हवा.

पण त्याआधी एक काम करा. डेबियन बसवताना मशीनचं नाव विचारतात, तिथे आधीपासून ‘डेबियन’ लिहिलेलं असतं आणि सगळे तसंच ठेवून पुढे जातात. तुमच्या चारही मशीनचं नाव तेच असेल तर अवाही आपणच एकाला डेबियन, दुसऱ्याला डेबियन-२ असं करत जातं. वीज येऊन मशीन कोणत्या क्रमानं सुरू होतील त्यावर ती नावं बदलतात, आणि काल सापडलेला प्रिंटर आज सापडत नाही. ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ आणि पुढे नवं नाव, अशी आज्ञा देऊन प्रत्येकाला वेगळं नाव द्या, इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. ‘ईटीसी’तल्या ‘होस्ट्स’ फाईलमध्ये १२७.०.१.१ च्या ओळीत जुनं नाव असतं, तिथेही बदला.

एवढं करून प्रिंटर सापडला तर कायमच्या पत्त्याचा विषयच संपतो. नाहीच सापडला, तर पत्ता मशीनवर न लिहिता राउटरमध्ये राखून ठेवा. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटण्याच्या) भागात मॅक पत्त्याला आयपी बांधून देण्याची सोय सहसा असते. प्रिंटरच्या मशीनचा मॅक ‘आयपी लिंक’मध्ये ‘लिंक ईथर’पुढे दिसेल. मशीन ऑटोमॅटिकवरच राहतं, राउटर मात्र दर वेळी तोच पत्ता देतो आणि दुसऱ्या कुणाला देत नाही. पासवर्ड राउटरच्या खालच्या लेबलवर नसेल तर लाईन बसवणाऱ्याला एवढंच सांगा की या मॅकला हा आयपी राखून द्या. तो ऐकत नसेल तर निदान राउटर कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते विचारून घ्या आणि त्या पट्ट्याबाहेरचा एक पत्ता प्रिंटरच्या मशीनला सेटिंग्जमधून द्या. फाईलमधून नको. तिथे डीएनएसचा रकाना रिकामा सोडू नका, राउटरचाच पत्ता तिथे भरला तरी चालतं.

आपल्याकडच्या पावसाबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही खानापूरच्या बाजूला आहात. विजा चमकायला लागल्या की संगणकाची वीज आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढून ठेवा. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरपासून संगणकापर्यंतची तार तांब्याची असते आणि तिच्यातून झटका आला की मदरबोर्डवरचं कार्ड जातं. खोलीत अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. ॲडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून, बहुतेक १२ असतात, तो घेतलात तर वीज गेली तरी राउटर चालू राहील आणि पत्त्यांची वाटणीही मोडणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी बॅटऱ्या आणि तारीख, मग पहिल्या दोन मशीनची फाईल, मग तिसरं आणि चौथं मशीन ऑटोमॅटिकवर, मग नावं, शेवटी प्रिंटर. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पिंगच्या तिन्ही पायऱ्या करून बघा: राउटर, ८.८.८.८, नाव. कुठल्या मशीनवर काय बदललं ते वहीत लिहून ती वही वाचनालयातच ठेवा, तुम्ही नसताना भाच्याला उपयोगी पडेल. एवढ्यानंतरही एखादं मशीन अडलंच तर त्या मशीनवरचं ‘आयपी ए’, ‘आयपी आर’ आणि ‘कॅट’नं दाखवलेली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’, या तिन्हींचं जे दिसेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा. तारीख बरोबर आहे की नाही तेही त्यात लिहा.